वापरलेल्या गाडीतील कुबट वास मुळापासून कसा घालवावा?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये ठाण्यातील एका विक्रेत्याकडून मी सात वर्षे वापरलेली पेट्रोल हॅचबॅक विकत घेतली. पाहायला गेलो तेव्हा गाडी नुकतीच धुऊन-पुसून ठेवलेली होती आणि आरशाला टांगलेल्या सुगंधी कागदाचा दर्प आत इतका कोंडला होता, की त्याखाली दुसरा कोणता वास दबला असेल तर तो कळण्याची सोयच नव्हती. रत्नागिरीला आणल्यानंतर उन्हाळाभर काही तक्रार नव्हती. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि मग मात्र दार उघडले की वर्षभर बंद असलेल्या घराचे कुलूप काढल्यावर येतो तसा कुबट वास येऊ लागला.

नीट लक्ष दिले तेव्हा हे वास दोन असावेत असे वाटले. एक एसी चालू केल्याबरोबर येतो, तो आंबूस आहे आणि काही मिनिटांत कमी होतो. दुसरा कायम असतो आणि डाव्या पुढच्या सीटच्या आसपास जास्त जाणवतो. तिथला रबरी मॅट उचलून खालच्या गालिच्यावर अंगठा दाबला, तर तो दमट लागतो. कापराच्या वड्या ठेवून झाल्या, बाजारात मिळणारी कोळशाची थैली ठेवून झाली, पण फरक तेवढ्यापुरताच पडतो. गावातील गॅरेजमध्ये एसीचा गॅस भरून घ्या असे सांगितले. गाड्या चकचकीत करून देणाऱ्या एका दुकानात ओझोनचे यंत्र लावून तासाभरात वास घालवून देतो म्हणाले. माझ्या वडिलांना दम्याचा त्रास आहे आणि ते नेमके त्याच डाव्या सीटवर बसतात, त्यामुळे काहीही करून घेण्यापूर्वी जाणकारांना विचारावे असे ठरवले. हा सगळा प्रकार एसीचाच आहे, की मला पुरात बुडालेली गाडी विकली गेली आहे? आणि ओझोन करून घ्यावे का?

पाना-पकड:

खाडीकाठ, आपण दोन वास वेगळे ओळखलेत हे फार बरे झाले. आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी ‘गाडीत वास मारतो’ एवढेच सांगून किल्ली हातावर ठेवतात आणि मग निम्मा दिवस हुंगण्यात जातो. गॅस भरण्याचा आणि वासाचा काडीचाही संबंध नाही. गॅस कमी असेल तर थंडावा कमी मिळेल, वास येणार नाही.

माझा पहिला संशय एसीच्या पाण्याच्या नळीवर आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये कूलिंग कॉइलची पेटी डॅशबोर्डच्या मागे, मधोमध किंवा ग्लव्हबॉक्सच्या बाजूला बसवलेली असते. कॉइल थंड झाली की हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते तिच्यावरून ओघळते आणि पेटीच्या तळाच्या नळीवाटे गाडीखाली टपकते. कोकणातील पावसाळी हवेत हे पाणी थोडेथोडके नसते. नळीच्या तोंडाशी धुळीचा आणि पाल्याचा लगदा बसला, किंवा कुंभारीण माशीने तिथे मातीचे घर बांधले, की पाणी पेटीतच तुंबते. तुंबलेल्या पाण्यात कॉइल सतत ओली राहते, तिच्यावर बुळबुळीत थर धरतो आणि एसी लावताच येणारा आंबूस वास तिथून निघतो. तेच पाणी पेटीच्या काठावरून ओसंडले की डाव्या पायाखालच्या नमद्यात, म्हणजे गालिच्याखालच्या जाड अस्तरात, उतरते. म्हणजे आपले दोन्ही वास एकाच नळीमुळे येत असण्याची शक्यता आहे.

हे तपासण्यास खर्च काही नाही. पाऊस नसताना गाडी कोरड्या फरशीवर उभी करा, एसी पूर्ण थंडीवर वीस मिनिटे चालवा आणि खाली वाकून पाहा. पाणी टपकत नसेल तर नळी तुंबली आहे असे समजा. ती खालच्या बाजूने, मऊ प्लास्टिकच्या तारेने हलक्या हाताने मोकळी करावी. काही जण पंक्चरवाल्याकडच्या हवेचा जोरदार झोत मारतात, त्यात नळी आतल्या आत निसटण्याची भीती असते आणि मग संपूर्ण डॅशबोर्ड उतरवण्याची पाळी येते.

पाणी खाली नीट टपकत असेल तर मात्र पावसाचे पाणी आत येत आहे आणि त्याचा माग काढणे जास्त चिकाटीचे काम आहे. बॉनेट उघडून वायपरखालची जाळी पाहा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तिथे पाल्याचा थर साचतो, पाणी बाजूच्या वाटेने उतरण्याऐवजी वर चढते आणि ब्लोअरच्या तोंडातून थेट डाव्या बाजूला आत येते. दुसरी जागा म्हणजे दाराच्या आतल्या पॅनलमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा. काच दुरुस्त करताना कारागिराने तो फाडला किंवा नीट परत चिकटवला नाही, तर काचेवरून दारात उतरलेले पाणी खालच्या भोकांतून बाहेर पडण्याऐवजी आत झिरपते. पुढच्या काचेचा चिकट थर आणि दाराचे बीडिंग (कडेची रबरी पट्टी) यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. छतावर उघडणारी काच असलेल्या गाड्यांत तिच्या चार कोपऱ्यांतून खाली जाणाऱ्या बारीक नळ्याही तुंबतात, पण आपल्या गाडीत ती नसावी. शोधताना एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बागेच्या नळीने बारीक धारेने खालून वर सावकाश पाणी सोडत जावे. एकदम टपावर बदाबदा पाणी ओतले तर सगळीकडूनच ओघळ येतात आणि काही कळत नाही.

आणखी एक शक्यता सांगून ठेवतो. ओल्या जागी पांढरा टिश्यू कागद दाबा. त्यावर हिरवट किंवा गुलाबी डाग आला, बोटाला चिकट लागले, वास गोडसर असला आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर ते पाणी नसून कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आहे आणि हीटरची कॉइल गळते आहे. तसे असेल तर सुगंधाचा विचार बाजूला ठेवून आधी ती बदलून घ्यावी, कारण कुलंट कमी होत गेले तर पुढे इंजिनच तापेल.

वारणाकाठ:

पुराबद्दल विचारलेत म्हणून लिहितो. आमच्या भागात ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा आणि कृष्णा यांच्या पाण्याने कोल्हापूर-सांगलीची काय अवस्था केली ते सर्वांनी पाहिले, आणि तुमच्या चिपळूणला जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीने तेच केले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाही मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या होत्या. अशा गाड्या विमा कंपन्यांकडून भंगाराच्या भावाने लिलावात निघतात, धुऊन-सुकवून दुसऱ्या जिल्ह्यात जातात आणि पूर न पाहिलेल्या माणसाच्या गळ्यात पडतात. त्यामुळे शंका घेणे गैर नाही.

पण नुसत्या कुबट वासावरून गाडी बुडाली असे म्हणता येत नाही. पुराच्या पाण्यात गाळ असतो आणि धुणारा कितीही मन लावून धुतो म्हटला तरी गाळ जिथे हात पोचत नाही तिथे राहतोच. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. एरवी गुंडाळलेल्या अवस्थेत राहणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ किंवा बुरशीचे ठिपके दिसले, तर समजायचे ते समजावे. डिकीतील स्टेपनी काढून खालचा खड्डा, त्याच्या कडेची शिवण आणि जॅक ठेवण्याचा कप्पा पाहा. सीटखालच्या रुळांचे आणि स्प्रिंगांचे लोखंड चारही सीटना सारखेच गंजलेले आहे, की फक्त एकाच बाजूला, हे महत्त्वाचे आहे. छतातून किंवा नळीतून गळणारे पाणी एक कोपरा गंजवते, पूर मात्र एकाच पातळीपर्यंत सगळी गाडी गंजवतो. स्टिअरिंगच्या खाली असलेल्या फ्यूजच्या पेटीचे झाकण काढून वायरींच्या जोडांवर हिरवट भुकटी धरली आहे का तेही पाहून घ्या.

याशिवाय कागद बोलतात. आधीच्या मालकाच्या विम्याची प्रत मिळवा आणि तिच्यात ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के लिहिला आहे ते वाचा. दावा न करता एक वर्ष गेले तर 20, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के अशी ही चढण असते आणि एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणात ती शून्यावर येते. सात वर्षांच्या गाडीवर बोनस शून्य दिसला, तर दावा कशाचा होता हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे मधल्या काळात गाडी आणखी एका हातातून गेली असेल तर मात्र या आकड्यावर फार विसंबू नये.

खाडीकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. काल दुपारी पावसाने उघडीप दिली, तेव्हा पाना-पकड यांनी सांगितल्याप्रमाणे एसी लावून पाहिला. गाडीखाली एक थेंब पडला नाही. ओळखीच्या मेकॅनिकने खालून प्लास्टिकची तार सरकवली तेव्हा आधी काळा लगदा आला आणि मागोमाग तांब्याभर काळपट पाणी भसकन बाहेर आले. त्याचा वास तोच, एसी लावल्यावर येणारा.

डावी सीट काढून गालिचा उचलला तर खालचा नमदा पिळून काढण्याइतका ओला होता. गाळ मात्र कुठेही दिसला नाही. सीटबेल्ट स्वच्छ आहेत, स्टेपनीचा खड्डा कोरडा आहे आणि गंज फक्त डाव्या सीटच्या पुढच्या दोन बोल्टांना धरला आहे. विक्रेत्याने दिलेल्या कागदांत जुन्या विम्याची प्रत सापडली, तिच्यावर बोनस 45 टक्के आहे. म्हणजे पुराची शंका मी मनातून काढून टाकली आहे.

आता प्रश्न पुढचा. नमदा वाळवला तरी त्यात बसलेला वास जाईल का? आणि कॉइलवरच्या त्या थराचे काय करावे?

परीक्षानळी:

खाडीकाठ, मी रसायनशास्त्र शिकवते, गाड्यांमधले मला फारसे कळत नाही, परंतु वासांविषयी थोडे सांगू शकेन.

कुबट वास ज्या संयुगांचा असतो, त्यांतील एक म्हणजे जिओस्मिन. मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू ते तयार करतात आणि पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही तेच असते. माणसाचे नाक या संयुगाच्या बाबतीत इतके तीक्ष्ण आहे, की लाखो कोटी कणांत त्याचे मोजके कण असले तरी ते आपल्याला कळते. म्हणूनच ‘बराचसा वास गेला’ ही अवस्था इथे फार काळ टिकत नाही, उगम थोडाही उरला तरी नाक त्याला शोधून काढते. हे जीवाणू आणि बुरशी यांना ओल हवी असते. नमदा पूर्ण कोरडा झाला की नवा वास तयार होणे थांबते, आणि जुना वास नंतर धुऊन आणि वाऱ्यावर टाकून उतरवता येतो. हा क्रम उलटा केला, म्हणजे ओल्या नमद्यावर फवारे मारले, तर पैसे जातात आणि वास राहतो.

घरगुती उपायांपैकी कोणता कशावर चालतो, हेही वासाच्या रासायनिक स्वभावावर ठरते. सांडलेले दूध नासून येणारा वास हा मुख्यतः ब्युटिरिक आम्लासारख्या आम्लांचा असतो, म्हणून तिथे खाण्याचा सोडा उपयोगी पडतो, कारण तो आम्लाचे मीठ करून टाकतो. बाजारातून मासळी आणताना पिशवी गळली तर जो वास राहतो, तो ट्रायमिथाइल अमीन या अल्कधर्मी पदार्थाचा असतो आणि त्याला सोडा नव्हे तर लिंबू किंवा पाणी घातलेले व्हिनेगर लागते. आपल्या आज्या मासळीच्या हातांना लिंबाची फोड चोळत, त्यामागचे शास्त्र हेच आहे. बुरशीच्या कुबट वासावर सोडा थोडाफार चालतो, पण तो कोरड्या कापडावर भुरभुरून रात्रभर ठेवून नंतर व्हॅक्यूमने ओढून घ्यावा लागतो, ओल्यावर टाकला तर त्याची लापशी होऊन ती धाग्यांत अडकते. दूध, उलटी किंवा मांजराची लघवी यांसाठी एन्झाइमयुक्त क्लीनर मिळतात आणि ते खरोखर काम करतात, मात्र त्यांना ओलसर अवस्थेत काही तास द्यावे लागतात आणि त्यांच्या आधी फिनेल वगैरे मारलेले चालत नाही.

ओझोनबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो वासाच्या रेणूंशी अभिक्रिया करतो हे खरे, पण तो वायू आहे, ओल्या नमद्याच्या पोटात शिरत नाही. श्वासनलिकेला तो दाहक असल्यामुळे दम्याच्या रुग्णाने त्याच्यापासून दूर राहिलेले बरे, आणि रबराला तो तडे पाडतो. गाडी पूर्ण कोरडी व स्वच्छ झाल्यावर, आत कोणी नसताना, थोडा वेळ वापरून नंतर सगळी दारे उघडी ठेवून चांगले वारे खेळवले, तर शेवटचा हात म्हणून त्याला जागा आहे. उगम शोधायचा आळस म्हणून ओझोन लावणाऱ्या दुकानापासून मात्र दूर राहावे. डांबरगोळ्या तर बंद गाडीत अजिबात ठेवू नयेत. नॅप्थलिनची वाफ घेणे कोणालाच चांगले नाही आणि लहान मुलांना तर ती घातक ठरू शकते. कापूर त्यापेक्षा बरा, पण तोही केवळ वर पांघरूण घालतो आणि दमेकऱ्याला त्याचा उग्रपणा सोसेलच असे नाही.

संत्रानगरी:

विषय वासाचाच आहे म्हणून मध्येच विचारतो. माझ्या जुन्या सेडानचे आधीचे मालक गाडीत सिगारेट ओढत असत. नागपूरच्या उन्हात गाडी तापली की तो वास असा काही उसळतो, की पोरे बसायला नाही म्हणतात. सीटकव्हर बदलून झाली. ओल कुठेच नाही. याला काय करावे?

परीक्षानळी:

संत्रानगरी, धुरातील डांबर आणि निकोटिन यांचा चिकट थर सगळ्या पृष्ठभागांवर बसतो आणि उष्णतेने तो पुन्हा वाफ होऊन सुटतो, म्हणून तो तुमच्याकडे उन्हात उसळतो. धूर वर जातो, त्यामुळे सर्वांत जास्त थर काचांच्या आतल्या बाजूला आणि टपाच्या कापडावर असतो. पांढरा फडका साबणाच्या कोमट पाण्यात पिळून काच पुसून पाहा, तो पिवळा पडेल. प्रत्येक कठीण पृष्ठभाग, स्टिअरिंग, दारांचे पॅनल, सीटबेल्टसुद्धा, फडका पिवळा यायचा थांबेपर्यंत पुसावे लागेल.

पाना-पकड:

त्यात एक भर घालतो. टपाचे कापड पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेले असते. ते भिजवले किंवा ब्रशने घासले तर गोंद सुटतो आणि महिनाभरात छत डोक्यावर लोंबू लागते. तिथे फक्त फेस वापरावा, मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपत जावे आणि एका वेळी वीतभर जागाच घ्यावी. इतके करूनही वास उरला तर कुशनवाल्याकडून छताचे कापड नवीन लावून घ्या. केबिनचा, म्हणजे आतली हवा गाळणारा, फिल्टरही फेकून द्या, तो साफ करून धूर जात नाही.

आता खाडीकाठ यांच्या गाडीविषयी. नमदा गाडीत ठेवून वाळवण्याचा नाद सोडा. वरून तो कोरडा लागतो आणि पत्र्याला चिकटलेली खालची बाजू महिनाभर ओली राहते. गालिचा आणि नमदा बाहेर काढायचा म्हणजे पुढच्या दोन्ही सीट, मधला कन्सोल आणि दारांच्या उंबऱ्याच्या पट्ट्या काढाव्या लागतील. आपण डावी सीट काढलीच आहे, तरी उजवीसाठी सांगून ठेवतो की आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, काही मिनिटे थांबावे आणि मगच सीटखालचे जोड काढावेत. पिवळ्या रंगाचा जोड एअरबॅगचा किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचा असतो, तो चालू विजेवर काढला तर निदान दिवा तरी लागतो आणि वाईटात वाईट काय होईल ते लिहीत नाही.

गालिचा साबणाच्या पाण्याने धुऊन घरात पंख्याखाली टाका. पावसाळ्यात उन्हाची वाट पाहत बसलात तर गणपती येतील. नमदा कापडाच्या चिंध्या दाबून केलेला असेल तर धुण्याच्या फंदात पडू नका, त्याचे तुकडे होतात. कुशनवाल्याकडे त्याच जाडीचा नवा नमदा मीटरवर मिळतो. जुना तुकडा समोर ठेवून बोल्टांची आणि वायरींची भोके त्यावरून कापून घ्यावीत. उघडा पत्रा पुसून कोरडा करा, गंजलेले दोन बोल्ट बदला आणि पत्र्यावर कुठे फोड दिसला तर घासून प्रायमर लावा.

कॉइलसाठी एसी साफ करण्याचा फेस डब्यात मिळतो. तो केबिन फिल्टर काढून किंवा पाण्याच्या नळीतून लांब नळीने आत सोडतात, फेस विरघळून घाण घेऊन खाली येतो. त्या वेळी खाली टोपले ठेवलेत तर किती घाण निघाली तेही दिसेल. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच कुणी सांगितले तरी वापरू नका, कॉइल ॲल्युमिनियमची असते आणि ती खाल्ली जाते, शिवाय व्हिनेगरशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन सुटतो. नंतर नवा फिल्टर बसवताना त्याच्या कडेवरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना, ते पाहा.

खाडीकाठ:

नमदा बदलायचे ठरवले आहे, कारण जुना हातात घेतला की सुटतोच आहे. फेसाचा डबाही आणला. आणखी एकच शंका: वडील रोज सकाळी दहा मिनिटांच्या अंतरावर जातात. इतक्या लहान फेऱ्यांत कॉइल कधी वाळणारच नाही का?

पाना-पकड:

पोचण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी एसीचे बटण बंद करावे, पंखा मात्र चालू ठेवावा आणि बाहेरची हवा आत घेणारी सोय लावावी. कॉइलवरचे बरेचसे पाणी तेवढ्यात उडते. आठवड्यातून एखादा लांबचा फेरा झाला तर उत्तमच. आणि दर पावसाळ्याच्या तोंडाला गाडीखाली पाणी टपकते का, ते पाहत जा. तेवढ्यासाठी आमच्याकडे येण्याची गरज नाही.